रजिस्टरातल्या बाकीच्या बाया

परवा आमच्या छोटीला बघायला पाहुणे आले होते. छोटी म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. बी.एस्सी. झाली, बावीस पूर्ण झाली, तरी घरात अजून छोटीच! पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आत्याबाईंनी विचारलं, ‘‘मुलगी पुढे काय करणार म्हणालात?’’ आमच्या जाऊबाईंनी पाठ केल्यासारखं सांगितलं, ‘‘बायोस्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करायचं म्हणतेय.’’ त्यावर आत्याबाई खूश होऊन म्हणाल्या, ‘‘म्हणजे रक्त-लघवी तपासायचं ना? छान की, घरच्या घरी लॅब टाकता येईल.’’

कुणीच काही बोललं नाही. छोटीने ट्रे उचलला आणि आत गेली. खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वी मीही आत्याबाईंसारखंच काहीतरी बोलले असते. मी साधी बी.ए., मराठी विषय घेऊन झालेली. गणिताशी माझं दहावीतच वाजलं. पण गेल्या वर्षी असं काही घडलं की आज मी दिरांशी भांडून या मुलीची बाजू घेतेय. ते घडलेलं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात फजिती माझीच आहे.

आमचं महिला मंडळ दरवर्षी आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर हिमोग्लोबिनचं शिबिर घेतं. गेल्या वर्षी श्रावणात घेतलं. ज्यांचं रक्त कमी निघालं अशा १४० बायकांना लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबू पिळून खा, गोळीवर चहा पिऊ नका, सगळं सांगितलं. डिसेंबरात पुन्हा तपासणी ठेवली. पहिल्या वेळी सरासरी ९.१ होती, दुसऱ्या वेळी १०.८! काय आनंद झाला म्हणून सांगू. मी स्वतःच्या हाताने अहवाल लिहिला, वार्षिक सभेत वाचला. टाळ्या पडल्या. ज्यांनी गोळ्यांसाठी पैसे दिले होते त्यांनी पुढच्या वर्षीही देऊ म्हणून शब्द दिला.

छोटी तेव्हा सुट्टीला आली होती. बी.एस्सी.ला तिचा संख्याशास्त्र विषय. म्हटलं, बाई, तेवढा एक रंगीत तक्ता करून दे कॉम्प्युटरवर. ती रजिस्टर घेऊन बसली. तासाभराने आली आणि विचारलं, ‘‘काकू, दुसऱ्या वेळी किती जणी आल्या होत्या?’’

‘‘आल्या की. साठ-एक आल्या असतील.’’

‘‘६१. मग बाकीच्या ७९ कुठे गेल्या?’’

मी म्हटलं, येतात का सगळ्या परत? कामं असतात बायकांना. तर ती म्हणाली, ‘‘तसं नाही काकू. या ज्या ६१ आल्या, त्यांची पहिल्या वेळचीच सरासरी ९.९ होती. म्हणजे त्या आधीपासूनच बऱ्या होत्या. ज्या नाही आल्या त्यांची साडेआठ होती. तुम्ही पहिल्या वेळी सगळ्यांची सरासरी धरलीत आणि दुसऱ्या वेळी फक्त आलेल्यांची.’’ वर आणखी विचारलं, ‘‘दोन्ही वेळा तपासलं कशाने?’’ श्रावणात साहलीची नळी होती, रंग जुळवून बघायची. त्यात एका सिस्टरचं ९ ते दुसरीचं साडेनऊ होतं, हे आपणही पाहिलेलं असतं. डिसेंबरात नवं मशीन आणलं होतं, बोटाला टोचलं की आकडा दिसायचा. छोटी एवढंच म्हणाली, ‘‘मग वाढ गोळीने झाली की मशीनने, हे नाही सांगता यायचं.’’

मला इतका राग आला! दहा वर्षं मी उन्हातान्हात फिरतेय, आणि कालची पोर माझ्या कामाला खोटं म्हणते? दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तक्ताही मागितला नाही. पण रात्री झोप लागेना. ७९ बायका डोळ्यांसमोर यायच्या. रजिस्टरात नाव होतं, पुढचा रकाना कोरा. इतकी वर्षं मला तो कोरा रकाना दिसलाच नव्हता.

शेवटी आम्ही दोघी, बरोबर आशाताई, असे घरोघर गेलो. बऱ्याच घरांना कुलूप. दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी माणसं, डिसेंबरात ती कशी भेटणार? शिबिराची तारीख आम्ही आमच्या सोयीने धरली होती. काहींनी गोळ्या आठ दिवसांत सोडल्या होत्या, मळमळतं म्हणून, शौचाला काळं होतं म्हणून. काळं होणं साहजिक आहे, घाबरायचं कारण नाही, हे आम्ही सांगितलंच नव्हतं. दोघी-तिघींच्या सासूने, मूल पोटात मोठं होईल म्हणून गोळ्या उचलून ठेवल्या होत्या. आणि एक बाई बाळंतपणात गेली होती. श्रावणातला तिचा आकडा ६.८. माझ्या टाळ्या पडलेल्या अहवालात ती नव्हतीच, कारण ती दुसऱ्या तपासणीला आली नव्हती.

मैत्रिणींनो, मी त्या दिवशी घरी येऊन अहवाल पुन्हा लिहिला. पैसे देणाऱ्यांनाही कळवलं. सभासदांपैकी काहींना ते आवडलं नाही, ‘कशाला उगीच’ म्हणाल्या. असो.

तर छोटीने माझ्या रजिस्टरावर जे केलं, तेच मोठ्या प्रमाणात करणं म्हणजे बायोस्टॅटिस्टिक्स. मराठीत जैवसंख्याशास्त्र म्हणतात, पण तो शब्द उच्चारेपर्यंत पाहुणे उठून जातील! रक्त तपासणारा वेगळा. औषध देणारा डॉक्टर वेगळा. त्या औषधाने खरंच गुण आला की आपल्याला तसं वाटलं, किती जणींवर बघायचं, कुणाशी तुलना करायची, सोडून गेलेल्यांचं काय करायचं, हे आधी ठरवणारा आणि शेवटी हिशेब मांडणारा माणूस म्हणजे बायोस्टॅटिस्टिशियन.

आपल्या भागातलंच उदाहरण देते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा एक फार मोठा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची, मुंबईच्या टाटा रुग्णालयाची मंडळी त्यात होती. १९९९ मध्ये सुरुवात झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. कुठल्या गटात कोणती तपासणी करायची हे चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. असं का? कारण ‘या, तपासून घ्या’ म्हटलं की येतात त्या मुळातच जागरूक बायका. माझ्या ६१ जणींसारख्या! २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या ३४ हजार बायकांत या कॅन्सरने ३४ मृत्यू, आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या साडेएकतीस हजारांत ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला आपल्या शेतावर राबणाऱ्या बायकांमुळे कळलं.

पण मला त्या ६४ जणी विसरता येत नाहीत. त्यांना तपासणी का दिली नाही, यावर नंतर बरीच टीकाही झाली. मला वाटतं टीका व्हायलाच हवी होती. असे प्रश्न ठरवण्याच्या टेबलावर खेड्यातून आलेली, चुलीपुढची बाई बघितलेली एखादी मुलगी हिशेबाची वही घेऊन बसलेली असली तर ती काही वेगळं विचारेल. मी छोटीची बाजू घेते त्यातलं हे एक मोठं कारण आहे.

गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांचं १९८९ सालचं काम तर प्रत्येकीला माहीत असायला हवं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तर ९२ टक्के स्त्रियांना अंगावरचं पांढरं जाणं, जंतुसंसर्ग असा काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी त्यासाठी तपासून उपचार घेतलेल्या फक्त ८ टक्के. दवाखान्यात बसून रुग्ण मोजले असते तर ते आठच टक्के दिसले असते. घरी बसून सोसणाऱ्या मोजल्या म्हणून बाकीचं दिसलं. ‘बायकांचं असतंच काहीतरी’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायला आकडाच लागतो, रडगाणं उपयोगाचं नाही.

हे काम पुरुषांचं आहे असंही कुणी समजू नये. दिवा घेऊन फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेत शिकवली, पण क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले हे तिने आकडे मांडून, चित्रं काढून सरकारला पटवलं, हे मात्र शिकवलं नाही. आणि आपल्या सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे. शेती आणि आहाराच्या आकड्यांवर त्यांनी जागतिक अन्न संघटनेत रोममध्ये वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे ही वाट आपल्या मातीतून गेलेली आहे.

आता पोटापाण्याचं बोलू. दिरांचा पहिला प्रश्न तोच होता, ‘‘वहिनी, नोकरी लागते का त्याने?’’ मी चार ठिकाणी फोन करून, छोटीच्या कॉलेजातल्या मॅडमना भेटून माहिती काढली. नोकऱ्या आहेत. औषध कंपन्या, आणि त्यांच्यासाठी औषधांच्या चाचण्या करून देणाऱ्या कंपन्या पुणे, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूत आहेत. आपल्या देशात २००९ पासून अशा प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदणी सक्तीची आहे, सगळं कागदावर दाखवावं लागतं, म्हणजे हिशेब जाणणारं माणूस लागतंच. मेडिकल कॉलेजात पीएसएम विभागात संख्याशास्त्राची जागा असते. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिथे या विषयात एम.एस्सी. करता येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही आहे. आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही देवनारची संस्थाच करते. त्यांच्या २०१९ ते २१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी निघालं, आधीच्या पाहणीत ४८ होतं. त्यावरही जाणकारांत वाद झाला, बोटातलं रक्त घ्यावं की शिरेतलं! त्यानंतरच्या पाहणीत ही तपासणी ठेवलीच नाही. मशीनचा वाद काही एकट्या माझ्याच रजिस्टरात नव्हता, हे वाचून थोडं बरं वाटलं.

पण सगळंच गोड नाही, तेही सांगते. नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही, एम.एस्सी. हवीच, आणि परदेशात जायचं तर बहुतेकदा त्याहून पुढे. संशोधनाच्या सरकारी प्रकल्पांत पुष्कळदा कंत्राटी नेमणूक असते. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. कंपनीत सुरुवातीची काही वर्षं दिवसभर कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचे, अमेरिकेतल्या माणसांशी रात्री बोलायचं. इंग्रजी लिहिता आलं पाहिजे, कारण शेवटी अहवाल लिहायचा असतो. तालुक्याच्या गावी ही नोकरी नाही, मुलीला बाहेर पाठवावंच लागणार. हल्ली काहीजण म्हणतात, आता कॉम्प्युटरच सगळं करणार, तर माणसं कशाला? हिशेब कॉम्प्युटर करीलही. माझी सरासरी तर मी मोबाइलवरच काढली होती आणि ती बिनचूक होती! ७९ जणी कुठे गेल्या, हे त्याने विचारलं नव्हतं.

ज्यांच्या मुली आत्ता दहावीत आहेत त्यांना एकच विनंती. अकरावीला ‘मेडिकलला जायचंय, गणित कशाला’ म्हणून गणित सोडायला लावू नका. दोन वर्षांनी नीटचे मार्क कमी पडतात, पोरगी रडते, आणि गणित नसल्यामुळे संख्याशास्त्राचं दार बहुतेक ठिकाणी बंद झालेलं असतं. ज्यांना आरोग्याचं काम आवडतं पण डॉक्टरकीला नंबर लागला नाही, अशा कितीतरी हुशार मुली आपल्या गावांत बी.एड. करून बसल्या आहेत. बी.एड. वाईट नाही, पण त्यांना ही दुसरी वाट कुणी दाखवलीच नाही. आर नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घरी बसूनही शिकता येतं. छोटी माझ्याच जुन्या कॉम्प्युटरवर शिकली.

दिरांचं अजून पक्कं नाही. ‘लग्न करून मग शिकू दे’ असं ते म्हणतात. लग्न होऊन मग शिकलेल्या किती जणी आपण पाहिल्यात, तेही मोजायला हवं एकदा! आमची जाऊ मात्र परवा पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, ‘‘ताई, हॉस्टेलचा खर्च किती येईल हो?’’ मी लगेच कागद घेतला.

आत्याबाईंचा निरोप अजून आलेला नाही. यंदाचं शिबिर आम्ही आखाजीच्या सुमारास धरलंय, म्हणजे तोडीवरून माणसं परतलेली असतील, आणि दुसरी तपासणी दसऱ्याच्या आत. दोन्ही वेळा तेच मशीन. रजिस्टरात एक रकाना नवीन आखलाय, ‘का आली नाही’. तो भरायला आशाताईंबरोबर मी स्वतः जाणार आहे.