घरबसल्या सिनेमा : ड्रगस्टोअर काउबॉय

मंडळी, "गर्दुल्ल्यांचा सिनेमा आणि तोही आपल्या अंकात?" असं काहीजण म्हणतील. म्हणू देत! या वेळी आम्ही मुद्दामच गस व्हॅन सँट यांचा १९८९ सालचा 'ड्रगस्टोअर काउबॉय' निवडला आहे.

काळ १९७१ चा, गाव ऑरेगनमधलं पोर्टलंड. बॉब (मॅट डिलन), त्याची बायको डायॅन (केली लिंच) आणि एक तरुण जोडपं. ही चौकडी बँका लुटत नाही, औषधांची दुकानं लुटते. एकीने फिट आल्याचं सोंग करायचं, सगळे तिच्याकडे धावले की बॉबने काउंटरमागचे खण रिकामे करायचे. पलंगावर टोपी ठेवली की मात्र या बहाद्दराला अपशकुन!

त्यांच्यातली धाकटी मुलगी नशेच्या अतिरेकाने मरते आणि बॉब हादरतो. परत येऊन मेथाडोनचे उपचार घेऊ लागतो. आम्हाला भिडला तो इथून पुढचा भाग. भाषणबाजी नाही, रडारड नाही. एक साधी खोली, साधी नोकरी आणि संपता न संपणारा दिवस. नशा एक वेळ सुटते हो, पण रिकामा झालेला वेळ कशाने भरायचा? बायको भेटून जाते, सोबत राहायला तयार होत नाही. जुनी संगत मात्र पत्ता शोधत येते. शेवट सांगत नाही.

मूळ कादंबरीचे लेखक जेम्स फोगल यांनी असंच आयुष्य काढलं. २०१० साली औषधाच्या दुकानावरच्या दरोड्यात ते पुन्हा पकडले गेले आणि २०१२ साली, पंचाहत्तराव्या वर्षी, तुरुंगातच वारले.

आम्हाला आठवलं ते पुण्याचं 'मुक्तांगण'. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या केंद्रात घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतात. बॉबच्या वाट्याला नेमकं तेच आलं नाही.

"आमच्यात नाही हो असलं काही," असं आपण पटकन म्हणतो. पण बॉबचा माल अंधाऱ्या गल्लीतून येत नव्हता, औषधांच्या फळीवरून येत होता. तशी फळी आपल्या प्रत्येकाच्या बाथरूममध्ये आहे. ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या तिथे पडून असतील, तर फार्मसीत परत नेऊन द्या. आणि कुणाच्या घरी हे दुखणं असलंच, तर त्या घरी जाणं-येणं थांबवू नका.

लहान मुलं झोपल्यावर सिनेमा जरूर बघा.