झुंज की राखण?

कर्करोगाविषयी मराठीत लिहिताना क्रियापदे जणू आधीच ठरलेली असतात. रुग्ण कर्करोगाशी ‘झुंज देतो’, बरा झाला तर ‘मात करतो’, गेला तर ‘झुंज अपयशी ठरते’. स्वतः कर्करोगावर उपचार घेतलेल्या सूझन सोन्टॅग यांनी ‘इलनेस ॲज मेटाफर’ (१९७८) या पुस्तकात अशा लष्करी भाषेची झाडाझडती घेतली. रूपकांचे हे ओझे अखेर रुग्णालाच वाहावे लागते, हे त्यांचे म्हणणे आम्ही वर्गात अनेकदा शिकवले. त्याचा प्रत्यय मात्र आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांच्या आजारात आला.

सरांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. तो ग्रंथीपुरताच होता आणि ग्लीसन गुणांक ६, म्हणजे कमी जोखमीचा होता. डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले : ग्रंथी काढून टाकणे, किरणोपचार, किंवा तूर्त काही न करता नियमित लक्ष ठेवणे. तिसरा मार्ग घरात कोणी ऐकूनच घेतला नाही. ‘शत्रू घरात शिरलाय आणि नुसते बघत बसायचे?’ असे मुलांनी विचारले. शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. पुढे कित्येक महिने लघवीवर ताबा राहिला नाही आणि सरांनी ग्रंथालयात येणे बंद केले. यात दोष ना डॉक्टरांचा, ना मुलांचा. मात्र ‘तुम्हाला स्वतःला काय जपायचे आहे?’ हे सरांना कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

नुसते बघत बसणे खरोखर इतके धोक्याचे असते काय? ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात, कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी या तीन मार्गांवर विभागणी केली होती. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. मार्ग कोणताही असो, शंभरातील सुमारे ९७ जण या कर्करोगाने दगावले नव्हते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देखरेखीच्या गटात ९.४ टक्के पुरुषांचा रोग शरीरात इतरत्र पसरला. उरलेल्या दोन्ही गटांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. शिवाय देखरेखीतील सुमारे ६१ टक्क्यांनी पुढे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतलेच. पण शस्त्रक्रियेच्या गटात सहा महिन्यांनी ४६ टक्के आणि सहा वर्षांनीही १७ टक्के पुरुष लघवीसाठी पॅड वापरत होते. लैंगिक क्षमतेचा ऱ्हासही त्याच गटात सर्वाधिक होता, तर किरणोपचारांनी काहींना आतड्यांचा त्रास झाला. प्रत्येक मार्गाची किंमत आहे, आणि कोणती किंमत परवडते हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

रोग हाडांत पोहोचला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेथे थांबणे सहसा हिताचे नसते. पुरुषी संप्रेरक तोडले की हा कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. आजही उपचाराचा पाया तोच आहे : ठरावीक मुदतीने घ्यायची इंजेक्शने, किंवा एकदाच करायची वृषण काढण्याची छोटी व स्वस्त शस्त्रक्रिया, जोडीला नवी औषधे वा केमोथेरपी. इंजेक्शनांचा खर्च न झेपणाऱ्यांना ही शस्त्रक्रिया मोठा आधार ठरू शकते. पण तिचे नाव काढताच पुरुष गप्प होतात. आपल्याकडे या ग्रंथीला ‘पुरःस्थ ग्रंथी’ म्हणतात, तसेच ‘पौरुषग्रंथी’ही म्हणतात. शब्दातच पौरुष गुंफले, की उपचाराचा निर्णय आयुष्याकडे पाहून होण्याऐवजी अब्रूकडे पाहून होतो. घाईने शस्त्रक्रिया करून घेणारा आणि लाजेने उपचार टाळणारा, दोघांनाही मर्दुमकीच्या एकाच कल्पनेने कोंडीत धरलेले असते.

वैद्यकाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. शब्दांविषयी थोडाफार आहे. तिसऱ्या मार्गाला ‘सक्रिय देखरेख’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण सरकारी परिपत्रकातला वाटतो आणि धीर देत नाही. आम्ही त्याला ‘राखण’ म्हणू. पीक कणसाला आले की शेतकरी माळ्यावर बसतो. तो झोपलेला नसतो, आणि उगाच गोफणही फिरवत नाही. ठरल्या वेळी पीएसएची रक्ततपासणी, गरजेनुसार एमआरआय आणि पुन्हा बायॉप्सी, आणि रोगाने चाल बदलताच उपचार : ही राखणच होय. राखण करणाऱ्याला आपल्याकडे कोणी भित्रा म्हणत नाही.

सरांच्या घरी त्या दिवशी हा एक शब्द असता तर निर्णय बदललाच असता, असा आमचा दावा नाही. कदाचित त्यांनी शस्त्रक्रियाच निवडली असती. पण मग ती त्यांची निवड असती.