खाडा

प्राध्यापकांच्या घरी दुधाचा खाडा असतो. दूधवाला आला नाही की कॅलेंडरवर फुली पडते आणि महिनाअखेर तेवढे पैसे वजा होतात. आमच्या घरी उसाच्या फडातला खाडा असतो. तिथे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय वर दंड चढतो.

मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या भागांतली माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने आधीच दिलेली उचल टनावारी फेडायची. दोघांतले एक आजारी पडले की कोयता अडतो आणि वहीत खाडा चढतो. चाबूक घेऊन कुणी उभे राहत नाही, वही पुरते. एकट्या मुकादमाला बोल लावूनही भागणार नाही. त्यानेही उचल कारखान्याकडूनच आणलेली असते.

मी बारावीत असताना माय फडात तापाने फणफणली. तशीच चार दिवस मोळ्या वाहत राहिली. "निजून ऱ्हायले तर खाडा कोन भरंल?" पाचव्या दिवशी तिला उठवेना, तेव्हा बापाने मला गावाहून बोलावले. आठ दिवस मी तिच्या जागी राबलो. खाडा वाचवला याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता! आज त्या अभिमानाचीच लाज वाटते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. डॉक्टरांचा लोभ त्यात होताच. पण पाळीच्या दुखण्यापायी खाडे पडू नयेत, हेही कारण बायकांनी सांगितले.

१९४८ च्या राज्य विमा कायद्याने आजारी कामगाराला काही दिवस निम्म्याहून अधिक पगार देऊ केला. मात्र हंगामी कारखाने त्यातून वगळले, आणि साखर कारखाना हंगामी! तोडणारा तर कारखान्याच्या पटावरही नसतो. आता ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले आहे, मुलांसाठी वसतिगृहे निघाली आहेत. त्यांचे स्वागतच आहे. पण वहीतला खाडा कोण खोडणार?

काही मित्र म्हणतात, उचल घेतली तर काम केलेच पाहिजे. कबूल. उचल जरूर फेडावी; पण तापाच्या दिवसाचा दंड तिच्यात का मिळवावा? तोडणीच्या करारातच आजारपणाचे दिवस धरले पाहिजेत आणि त्यांचा भार कारखान्याने उचलला पाहिजे.

गेल्या वर्षी मला टायफॉईड झाला. डॉक्टरांची चिठ्ठी दिली, सरांनी हजेरी भरून घेतली. सुट्टीत मायला हे सांगितले. तिने विचारले, "आन् दंड किती घेतला?"