मागच्या पानावरचा हिशोब

गेला आठवडा अगदीच रडका गेला. पुण्यात आषाढातली भुरभुर थांबायचं नाव घेत नव्हती, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच... आणि त्यात बाबा घसरून पडले, मनगटाला प्लास्टर. मी सगळ्यांवर चिडत होते. बाबांवरही. त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

गुरुवारी रात्री एक वाचलेलं आठवलं. एमन्स आणि मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा प्रयोग. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञ वाटाव्यात अशा पाचेक गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी. दहा आठवड्यांनंतर पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. म्हटलं, करून तर बघू! दुधाच्या हिशोबाच्या वहीचं मागचं पान उघडलं.

पाच कुठल्या, तीनच सुचल्या. शेजारच्या काकूंनी न विचारता पाठवलेली मुगाची खिचडी. बाबांना सावरून रिक्षात बसवणारा अनोळखी मुलगा. आणि डाव्या हाताने दाढी करताना स्वतःलाच हसणारे बाबा.

पाऊस थांबला नाही, प्लास्टरही तसंच. पण चिडचिड उतरली. मला वाटतं, कृतज्ञता म्हणजे ‘सगळं छान आहे’ असं मनाला पटवणं नव्हे. वाईटाचा हिशोब आपोआप राहतो, चांगल्याचा मुद्दाम ठेवावा लागतो, एवढंच. आणि तो नुसता वहीत ठेवूनही भागत नाही. सकाळी काकूंना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, त्यात काय एवढं?"

असो. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून चार लाडू घातले होते. तुमच्या मागच्या पानावर या आठवड्यात काय आहे?