रोगाचे नाव आणि देयकाचा आकडा

एखाद्या वृद्धाला स्मृतिभ्रंश झाला आहे, एवढी नोंद करण्याची किंमत काय असावी? ऑक्टोबर २०१४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने ती ५५ पौंड ठरविली. कुटुंबाच्या डॉक्टरने आपल्या यादीत स्मृतिभ्रंशाचे जितके रुग्ण वाढवावे, तितके दर डोक्यामागे ५५ पौंड! हेतू वाईट नव्हता. हा विकार जडलेल्या कित्येकांचे त्या देशात निदानच होत नव्हते आणि निदानावाचून त्यांना मिळावयाची मदत अडून राहत होती. परंतु घोषणा होताच रुग्णांच्या कैवाऱ्यांनी आणि खुद्द डॉक्टरांनीही तिच्यावर टीकेची झोड उठविली. मार्च २०१५ अखेर तिची मुदत संपली, ती पुन्हा वाढविण्याच्या भरीस कोणी पडले नाही.

डॉक्टर खोटे बोलतील, एवढीच भीती त्या टीकेच्या मुळाशी नव्हती. समोर बसलेल्या रुग्णाला, डॉक्टरच्या तोंडचा शब्द त्याच्या विद्येतून आला की हिशेबाच्या वहीतून, हे यापुढे ओळखता येणार नाही, ही खरी भीती होती. वैद्याच्या धंद्यात ह्या विश्वासाहून मोठे भांडवल दुसरे नाही.

हे प्रकरण परदेशचे आणि जुने, मग आज त्याला पहिल्या पानावर जागा का, असे वाचक विचारतील. कारण तोच रस्ता आता आपल्या दारावरून जाणार आहे. तो तिकडे कसा बांधला गेला, हे आधी पाहू.

इंग्लंडातील आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, पण तेथील कुटुंबाचा डॉक्टर बहुधा सरकारचा नोकर नसून करारदार आहे. नावनोंदणी केलेल्या रुग्णांच्या संख्येवर त्याला ठरावीक रक्कम मिळते. लस टोचणे, विशिष्ट तपासण्या करणे अशा कित्येक कामांचे पैसे निराळे मिळतात. एप्रिल २००४ पासून यात उपचारांच्या गुणवत्तेवर गुण देण्याची पद्धत आली. आरंभी हे गुण एकूण १०५० होते आणि प्रत्येक गुणाला रोख किंमत होती. ही मोजदाद संगणक करतो, आणि संगणकाला डॉक्टरची भाषा कळत नाही, त्याला संकेतांक कळतात. लफबरो गावच्या डॉ. जेम्स रीड यांनी १९८० नंतरच्या दशकात असे संकेतांक रचले. २०१८ पासून त्यांची जागा ‘स्नोमेड सीटी’ ह्या आंतरराष्ट्रीय कोशाने घेतली. त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. डॉक्टरने रुग्णाची हकीकत कितीही नेमक्या भाषेत लिहिली, तरी योग्य संकेतांक पडला नसेल तर हिशेबापुरते ते काम झालेच नाही!

येथवर हा डॉक्टरच्या खिशाचा प्रश्न वाटेल. तसा तो नाही. मधुमेही माणसाच्या दृष्टिपटलाची तपासणी वेळच्या वेळी झाली नाही, तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. इंग्लंडात त्या तपासणीचे बोलावणे ज्या यादीवरून जाते, ती यादी डॉक्टरकडील संकेतांकांवरून तयार होते. संकेतांक राहिला की बोलावणे राहिले. उलट, ‘वडिलांना मधुमेह होता’ ह्याऐवजी घाईने ‘मधुमेह’ हाच संकेतांक पडला, तर धडधाकट माणूस कागदोपत्री रोगी होतो, आणि विम्याच्या अर्जापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत तो शिक्का त्याच्या मागे लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये लिव्हरपूलच्या एका तरुण पत्रकाराला कोविडची लस घेण्यासाठी त्याच्या वयाच्या लोकांच्या कितीतरी आधी बोलावणे आले. चौकशीअंती कळले की त्याची सहा फूट दोन इंच उंची दप्तरात ६.२ सेंटिमीटर अशी पडली होती. त्यामुळे त्याच्या स्थूलतेचा निर्देशांक अठ्ठावीस हजार निघाला आणि यंत्राने त्याला अतिस्थूलांत ढकलले. जग हसले. पण ह्याच चुकीने बोलावणे येण्याऐवजी राहून गेले असते, तर हसण्याजोगे काय उरले असते?

शिक्षकाच्या पेशात काही वर्षे काढल्यामुळे आम्हाला येथे इंग्लंडचीच एक जुनी गोष्ट आठवते. १८६२ साली तेथे शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर ठरू लागले. तोच कित्ता आपल्या मुंबई इलाख्यातही गिरविला गेला. मास्तर मुलांना शिकविण्याऐवजी तपासनिसासाठी तयार करू लागले, आणि ज्या विषयाला अनुदान नाही तो विषय मागे पडला. कवी मॅथ्यू अर्नॉल्ड स्वतः शाळा-तपासनीस होते, त्यांनी ह्या पद्धतीला जन्मभर विरोध केला. ती मोडण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली.

आता आपल्याकडे वळू. २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर जाहीर झाले. नागरिकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक, त्याला जोडलेल्या नोंदी, आणि विम्याच्या दाव्यांची संगणकामार्फत देवघेव असा हा पसारा आहे. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य आहे, आणि त्या कोशाचे देशातील काम पुण्याच्या सी-डॅकमधील केंद्र पाहते. सरकारी विम्याचा भर आजवर रुग्णालयात दाखल होणाऱ्यांवर राहिला आहे, घरच्या डॉक्टरची फी बहुतेक रुग्ण खिशातूनच देतात. परंतु नळ टाकले गेले आहेत, पाणी आज ना उद्या सोडले जाणारच.

नोंदी कशा होतात याची चुणूक मात्र आधीच मिळाली आहे. आयुष्मान भारत योजनेच्या लाभार्थ्यांपैकी ७,४९,८२० जणांच्या नावापुढे ९९९९९९९९९९ हा एकच मोबाईल क्रमांक असल्याचे महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे. पात्रता मोबाईलवरून ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला. तो खराही असेल. पण मुद्दा पात्रतेचा नाहीच. चौकट रिकामी सोडता येत नाही आणि खरी माहिती मिळवायला वेळ नाही, अशा कोंडीत सापडलेला माणूस काय करतो, ते त्या दहा नवांनी दाखविले. आज मोबाईलच्या चौकटीत नऊ पडले, उद्या रोगाच्या चौकटीत काय पडेल?

आपल्या पेठेतला डॉक्टर डोळ्यांसमोर आणा. बाहेर बाकावर वीस माणसे, आत तो एकटा, फार तर एक कंपाउंडर. त्याने दर रुग्णामागे लाखो संकल्पनांच्या इंग्रजी कोशातून एक वेचावी, आणि ती चुकली तर दावा नामंजूर! तो जे पहिले दिसेल ते टिपील किंवा ज्याला जास्त दर आहे ते टिपील. पहिल्याला आम्ही दोष देणार नाही. दुसऱ्याला देऊ, पण त्याला त्या मोहात घालणाऱ्या नियमालाही देऊ.

मग संकेतांक आणि देयक यांची फारकतच करावी काय? आम्हाला हे मान्य नाही. केलेल्या कामाची नोंद नाही म्हणून प्रामाणिक डॉक्टरने फुकट राबावे, हाही अन्यायच आहे, आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम पुढे होईनासे होते. आमचा आग्रह इतकाच की दाम रोगाच्या नावाला नसावा, कामाला असावा. रुग्णाचे पाय तपासले, रक्त तपासून घेतले, लस टोचली, ह्या गोष्टी घडल्या की नाही हे रुग्णाला विचारता येते. स्मृतिभ्रंश आहे की नाही, हे त्याला विचारून ठरवावयाचे नसते.

शिवाय अचूक नोंद हेही काम आहे आणि त्याला वेळ लागतो, हे सरकारने व विमा कंपन्यांनी पहिल्या दिवशीच कबूल केले पाहिजे. तिकडील दवाखान्यांत रुग्णालयाची पत्रे वाचून संकेतांक टिपणारी पगारी माणसे असतात. आपल्याकडे तो खर्च दरपत्रकात कोठे धरणार? चुकीचा संकेतांक दुरुस्त करण्यास मुदत, आणि लबाडी सिद्ध होईपर्यंत चूक ही चूकच मानण्याची हमी, ही कलमे नियमावलीत असली पाहिजेत. आणि रुग्णाच्या नावावर चढलेला प्रत्येक रोग त्याला मराठीत वाचता आला पाहिजे. आपल्याला मधुमेह नाही, तो वडिलांना होता, हे सांगणारा साक्षीदार बहुतेक वेळा तोच एकटा असतो.