ठरावाखालचा अंगठा

रिद्धपूरला आता भाव आलाय. २०२३ च्या कायद्यानं मराठी भाषेचं विद्यापीठ इथं आलं. यावंच. म्हाइंभटानं लीळाचरित्र इथंच लिहिलं, मराठीचं पहिलं गद्य या मातीतलं. पण विद्यापीठ हवेत बांधत नाहीत. त्याच्यामागून रस्ता येतो, रस्त्यामागून प्लॉटवाले, प्लॉटवाल्यांमागून मोजणीच्या खुंट्या. आणि पहिली खुंटी ठोकली जाते ती ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्याच दारात.

याच गावचा राऊळ गोविंदप्रभू महारामांगांच्या घरात बेधडक शिरायचा. गावच्या शहाण्यांनी बोंब मारली तरी शिरायचा. त्याला सातशेवर वर्षं झाली. आता वाड्यात साहेब शिरतो तो मत मागायला, नाहीतर नोटीस डकवायला.

अन् वर म्हणे लोकसहभाग! ऐका त्याची गंमत. ग्रामसभेला गणपूर्ती लागते १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, त्यातलं कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरली की गणपूर्तीची अटच नाही. झालं! दिवसाउजेडी सभा, आमची बाई निंदणाला, माणूस संत्र्याच्या बागेत. चार खुर्च्या, एक सतरंजी, ठराव मंजूर. बायांची सभा आधी घ्या असं कायद्यातच आहे. गावोगाव ती भरते रजिस्टरात. आमचा अंगठा तेवढा सहभागी.

शहरातल्या झोपडपट्टीत तरी काय वेगळं? आराखडा निघाला की १९६६ च्या नगररचना कायद्यानं हरकतीला ३० दिवस. सूचना राजपत्रात. राजपत्र कोणत्या पानठेल्यावर भेटते बाप्पा?

घरकुलाचं सोंग तर विचारूच नका. प्रधानमंत्री आवासचे १ लाख २० हजार, घर २५ चौरस मीटरचं. पण जागेचा कागद आणा. अरे, जागा असती तर एका खोलीत तीन चुली कशाला पेटल्या असत्या? गावठाण वाढवायचा अधिकार महसूल संहितेनं जिल्हाधिकाऱ्याला १९६६ पासून दिलाय. तो वापरा म्हटलं की फाईल झोपते. मात्र गायरानावरची अतिक्रमणं मोजायला सरकार टक्क जागं. २०२२ साली हायकोर्टापुढं राज्यभरातला आकडा आला, २ लाख २२ हजारांवर! याच पडीक-गायरान जमिनीसाठी १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर लाखोंनी तुरुंग भरले. भूमिहीनानं तिथं कूड घातला तर तो चोर, संस्थेनं कमान घातली तर तो विकास. वा रे न्याय!

वाड्यातली एक बुढी म्हणते, "त्याहीले म्हना, नकाशात माह्यं घर कुठी हाये ते दावा पह्यले."

तेवढंच आमचं म्हणणं. नकाशा वाड्यात आणा. रात्री आणा, आमची मजुरी बुडवू नका. समाजमंदिराच्या भिंतीला टांगा अन् मराठीत वाचून दाखवा. मराठीचंच विद्यापीठ आहे ना? सर्वे नंबर घेऊन सांगा, इथं वसतिगृह, इथं रस्ता, इथं तुमची घरं. बेघरांचे प्लॉट आधी पाडा, कुंपणाची भिंत मागून. बायांची सभा वाड्यातच घ्या, अध्यक्ष बाईच. अन् रजिस्टरात 'नाही' लिहायला रकाना ठेवा.

तोवर सही नाही. अंगठाही नाही.