'देवाची मर्जी' म्हणण्यापूर्वी

कुणाच्या घरी भेटायला गेलं, की आपल्या तोंडून पटकन निघतं, "देवाची मर्जी!" शेजारच्या कन्नड बायकाही "देवर इच्छे" म्हणून हात जोडतात. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ते ऐकून रडणारं माणूस गप्प होतं, तेव्हा मला वाटतं, आपण त्याचं सांत्वन केलं की तोंड बंद केलं?

या प्रश्नाचं उत्तर मला चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाकडे मिळालं. जॉन डन यांचं नाव कवी म्हणून अनेकांनी कॉलेजात ऐकलं असेल. १६०१ मध्ये त्यांनी ॲन मोर हिच्याशी चोरून लग्न केलं. त्यापायी नोकरी गेली, तुरुंगही पाहावा लागला. १६१५ मध्ये ते धर्मोपदेशक झाले. दोनच वर्षांनी बाराव्या बाळंतपणानंतर ॲन गेली. ते मूलही मृतच जन्मलं होतं. १६२१ पासून डन लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे प्रमुख होते.

त्या काळी इंग्लंडमधल्या चर्चमध्ये आज्ञापालनाची शिकवण नित्याची होती. देवापुढे नमावं, राजापुढे नमावं, यासाठी सरकारमान्य प्रवचनं वाचून दाखवत. डनही देवाला शरण जायलाच सांगत. पण शरण जाणं म्हणजे मुकं होणं, असं ते मानत नसत.

१६२३ च्या अखेरीस ते तापानं मरणाच्या दारी पोचले. त्या आजारपणावरचं त्यांचं पुस्तक १६२४ मध्ये छापलं गेलं. त्याचे तेवीस भाग आहेत आणि प्रत्येक भागात तीन पायऱ्या: आधी मनन, मग देवाशी वाद आणि शेवटी प्रार्थना. मधली पायरी त्यांनी एकदाही गाळलेली नाही. तक्रार देवापुढेच मांडायची, आणि मग त्याच्याच पायाशी डोकं टेकायचं.

२५ फेब्रुवारी १६३१ रोजी, आजारानं पार खंगलेले असताना, त्यांनी राजा पहिला चार्ल्स याच्यासमोर अखेरचं प्रवचन केलं. विषय होता, मरणातून सुटकेच्या वाटा परमेश्वराच्याच हाती आहेत. समोर राजा असला तरी त्या वाटा त्याच्याही हाती नव्हत्या! या प्रवचनात त्यांनी श्रोत्यांना येशूच्या शेवटच्या रात्रीपासून क्रुसापर्यंत नेलं. बायबल सांगतं, त्या रात्री येशूनंही आधी हे दुःख टळावं म्हणून विनवणी केली आणि मगच 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हटलं. ३१ मार्चला डन गेले.

तेव्हापासून भेटायला गेले की मी एवढंच पाळते. जवळ बसते, ऐकते. देवाशी त्यांचं भांडण चाललं असेल तर मध्ये पडत नाही. 'देवाची मर्जी' हे शब्द ज्याचं दुःख आहे त्यानं, त्याची वेळ आली की म्हणायचे. आपण त्याच्या वतीनं म्हणायची घाई कशाला?